नको असलेले मसीहापण
विज्ञानकथेतील एक नायक, त्याचे अनुयायी आणि योहानाचा सहावा अध्याय

‘मसीहा’ हा मूळचा हिब्रू शब्द. त्याचा अर्थ ‘अभिषिक्त’, म्हणजे मस्तकावर तेल ओतून ज्याला एखाद्या कार्यासाठी वेगळे केलेले आहे असा मनुष्य. ग्रीक भाषेत त्याचेच ‘ख्रिस्तोस’ झाले आणि त्यावरून आपल्याला ‘ख्रिस्ती’ हे नाव लाभले. इस्राएलमध्ये राजांचा व याजकांचा अभिषेक होत असे. कोणीही स्वतःच स्वतःच्या मस्तकावर तेल ओतून घेत नसे. ते दुसऱ्याने ओतावयाचे असे. साहजिकच प्रश्न उरतो तो हा, की तेलाची कुपी कोणाच्या हातात आहे? देवाच्या की लोकांच्या?

हा जुना प्रश्न नव्याने समोर येण्यास एक चित्रपट निमित्त झाला आहे. फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाच्या ‘ड्यून’ या कादंबरीवर कॅनडाचे दिग्दर्शक डेनी विलनव्ह यांनी काढलेल्या चित्रपटाचा पहिला भाग २०२१ मध्ये आणि दुसरा २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. आपल्या तरुणांपैकी पुष्कळांनी ते पाहिले आहेत. वाळवंटातून येणारा तारणारा, त्याच्याविषयीची भाकिते, त्याच्यापुढे गुडघे टेकणारा जनसमुदाय हे सारे पाहून काहींना येशूची आठवण होते, तर काहींना ही आपल्या श्रद्धेची थट्टा वाटते. मला वाटते, दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या आहेत. हर्बर्ट यांना जे सांगावयाचे होते ते शुभवर्तमानाच्या विरोधात जाणारे नाही. किंबहुना शुभवर्तमानातील एका दुर्लक्षित प्रसंगाच्या ते फार जवळचे आहे. त्या प्रसंगाकडे वळण्यापूर्वी कथानक थोडक्यात सांगितले पाहिजे.

‘ड्यून’ पुस्तकरूपाने १९६५ मध्ये प्रकाशित झाली. वीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारल्यावर ती शेवटी एका अशा संस्थेने छापली, जिची ख्याती मोटार दुरुस्तीच्या पुस्तकांसाठी होती! कथा हजारो वर्षांनंतरच्या काळात घडते. अराकिस हा पाण्याचा थेंबही दुर्मिळ असलेला वाळवंटी ग्रह. तेथे ‘मसाला’ नावाचा एक पदार्थ सापडतो आणि त्याच्यावाचून साम्राज्यातील अंतराळप्रवास होऊ शकत नाही. साहजिकच जो अराकिसचा धनी, त्याच्या हाती साऱ्या विश्वाची नाडी. या ग्रहाचा कारभार पाहण्यास आलेल्या लेटो या सरदाराचा विश्वासघाताने घात होतो. त्याचा तरुण मुलगा पॉल आणि पॉलची आई जेसिका जीव वाचवून वाळवंटात पळतात व तेथील फ्रेमेन नावाच्या काटक, दडपलेल्या लोकांच्या आश्रयाला जातात. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या एका तारणाऱ्याची वाट पाहत आहेत. तो परक्या जगातून येईल, त्याची आई विशिष्ट भगिनीसंघातील असेल, अशी त्यांच्यात भाकिते आहेत.

वाचकांनी लक्ष द्यावे ते येथे. ही भाकिते देवाकडून आलेली नाहीत. ‘बेने जेसरिट’ नावाच्या एका सामर्थ्यशाली भगिनीसंघाने शतकांपूर्वी आपल्या प्रचारिका दूरदूरच्या ग्रहांवर पाठवून तेथील भोळ्या लोकांत अशा दंतकथा मुद्दाम पेरून ठेवलेल्या आहेत. हेतू एवढाच, की संघाची एखादी भगिनी पुढे कधी संकटात सापडली तर तिला त्या कथांचा आधार घेऊन स्वतःचा बचाव करता यावा. जेसिका ही त्याच संघातील असल्याने तिला ही युक्ती ठाऊक आहे, आणि पॉलही ती जाणतो.

एखाद्या धर्मगुरूला हे वाचताना अवघडल्यासारखे व्हावे, हे स्वाभाविक आहे. मिशनरी येतात, कथा पेरतात, आणि त्या कथांचा उपयोग सत्ता करते, असा आरोप आपल्यावरही झालेला आहे. हर्बर्ट यांच्या मावशा निष्ठावंत कॅथलिक होत्या आणि लहानग्या फ्रँकवर कॅथलिक संस्कार करण्याचा त्यांनी चांगलाच चंग बांधला होता. त्याच मावशा पुढे बेने जेसरिटच्या रूपाने कादंबरीत अवतरल्या, असे हर्बर्ट यांच्या पुत्राने वडिलांच्या चरित्रात नोंदवले आहे. आरोप टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. मात्र कादंबरीत दोष फक्त पेरणाऱ्यांच्या माथी मारलेला नाही. पिकाची कापणी कोण करतो आणि ते पीक खाण्याची भूक कोणाला आहे, हेही ती तितक्याच कठोरपणे पाहते.

(जाता जाता आणखी एक गंमत. कादंबरीतील विश्वात सर्व धर्मांचे प्रतिनिधी एकत्र बसून एक समाईक धर्मग्रंथ सिद्ध करतात आणि त्याला ‘ऑरेंज कॅथलिक बायबल’ असे नाव देतात. ही कथा मासिकातून क्रमशः येत होती, त्याच वर्षांत रोममध्ये द्वितीय व्हॅटिकन परिषद भरलेली होती आणि ख्रिस्ती ऐक्याचा विषय जगभर चर्चेत होता.)

आता अनुयायांकडे वळू. पॉल फ्रेमेन लोकांचा विशेष पोशाख प्रथमच अंगावर चढवतो, तेव्हा कोणी न शिकवता तो त्यांच्याच पद्धतीने बरोबर बसवतो. एका जाणकाराला लगेच भाकीत आठवते: येणारा आपल्या चालीरीती जणू जन्मतःच जाणत असेल. पुढे जामीस नावाचा फ्रेमेन योद्धा त्याला द्वंद्वाचे आव्हान देतो आणि पॉलच्या हातून मारला जातो. माणसाला ठार मारण्याची मुलाची ही पहिलीच वेळ. अंत्यविधीच्या वेळी त्याच्या डोळ्यांतून अश्रू ओघळतात. जेथे थेंबभर पाण्यासाठी माणसे जीव टाकतात तेथे मृतासाठी अश्रू म्हणजे केवढे दान! जमलेले लोक थक्क होऊन पाहत राहतात. खरे तर तो एका घाबरलेल्या, पस्तावलेल्या मुलाचा शोक होता. पाहणाऱ्यांनी त्यातून संत घडवला.

चित्रपटाच्या दुसऱ्या भागात हेच अधिक बोचरे झाले आहे. पॉल स्पष्ट शब्दांत सांगतो की मी तुमचा तारणारा नव्हे. यावर स्टिलगार हा त्यांचा नायक हरखून म्हणतो की खरा तारणारा इतका नम्र असणार की तो स्वतःला तारणारा म्हणवून घेणारच नाही. तेव्हा हा तोच! प्रेक्षागृहात येथे हशा पिकतो. परंतु क्षणभर थांबून विचार केला तर अंगावर काटा यावा. होकार हा पुरावा आणि नकार हाही पुरावाच असेल, तर त्या माणसाला आता सुटकेचा मार्ग कोठला? मूळ कादंबरीत पॉलला खरे दुःख होते ते याचेच. स्टिलगार हा त्याचा मित्र होता, शहाणा व स्वतंत्र बुद्धीचा पुरुष होता. पॉलच्या डोळ्यांदेखत तो मित्राचा भक्त होतो आणि त्या क्षणी माणूस म्हणून काहीसा लहान होतो. पॉलने एक मित्र गमावलेला असतो.

पॉलला भविष्याची दृश्ये दिसतात. आपल्या घराण्याचे निशाण घेऊन, आपल्या नावाचा गजर करीत निघालेल्या सैन्यांनी ग्रहामागून ग्रह बेचिराख केलेले त्याला दिसतात. म्हणून त्याला हे मसीहापण नको आहे. तथापि वडिलांच्या हत्येचा सूड हवा आहे, आईचा जीव वाचवावयाचा आहे, आणि त्यासाठी हाताशी असलेले एकच शस्त्र म्हणजे ती पेरलेली दंतकथा. तो नको नको म्हणत एकेक पायरी चढत जातो. मग अशी वेळ येते की तो मेला तरी युद्ध थांबणार नाही. हुतात्मा म्हणून त्याचे नाव उलट अधिकच पेट घेईल. माझ्या मते हर्बर्ट यांचे खरे मर्म येथे आहे. अनिच्छा म्हणजे निर्दोषत्व नव्हे. मनात नकार असलेला मनुष्यही हाताने स्वीकार करू शकतो.

१९६९ मध्ये आलेल्या ‘ड्यून मसाया’ या दुसऱ्या भागात हिशेब मांडला आहे. पॉल सम्राट होऊन बारा वर्षे लोटली आहेत. त्याच्या नावाने झालेल्या धर्मयुद्धात ६,१०० कोटी माणसे मेली, ९० ग्रह निर्जीव झाले, ४० धर्मांचे अनुयायी समूळ नष्ट झाले. तो स्वतःची तुलना हिटलरशी करतो, आणि त्याच्या हाताखालच्यांना त्या तुलनेचा अर्थही नीटसा उमगत नाही. हर्बर्ट यांनी पुढे अनेकदा सांगितले की त्यांना नायकपूजेच्या धोक्याची कथा लिहावयाची होती. आपल्या देशातही ही सूचना अपरिचित नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बजावले होते की धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, राजकारणातील भक्ती मात्र अधःपाताकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते.

मौजेची (की दुःखाची?) गोष्ट अशी, की ‘ड्यून’च्या वाचकांनाही ही सूचना फारशी ऐकू आली नाही. त्यांना पॉल आवडला होता. त्याने जिंकावे एवढेच त्यांना हवे होते. पहिली कथा ज्या मासिकात क्रमशः छापली गेली, त्याच्या संपादकांनी दुसरी स्वीकारली नाही. वाचकांना यशस्वी नायक हवा असतो, पतन पावणारा नव्हे, असे त्यांचे मत होते. मग ती दुसऱ्या मासिकात छापली गेली. थोडक्यात, पुस्तकाबाहेरही स्टिलगारच जमले होते.

कादंबरीतल्या अनुयायांनी पुस्तकाबाहेर पाऊल टाकल्याचे याहून ठळक उदाहरणही आहे. १९६१ मध्ये रॉबर्ट हेनलाईन यांची ‘स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड’ ही कादंबरी आली. ती दूरच्या नव्हे, नजीकच्या भविष्यातली आहे. मंगळावर वाढलेला एक तरुण पृथ्वीवर आणला जातो, येथे एक नवा पंथ स्थापतो आणि शेवटी संतप्त जमाव त्याला ठार मारतो. या पंथात एकाच पात्रातील पाणी पिऊन बंधुत्व जोडण्याचा विधी आहे. पुढल्याच वर्षी अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या एका महाविद्यालयातील दोन विद्यार्थ्यांनी हा विधी खरोखरच केला, आणि १९६८ मध्ये कादंबरीतल्या पंथाचेच नाव घेऊन त्यांची एक संस्था धर्मसंस्था म्हणून रीतसर नोंदवली गेली. लेखक बिचारे सांगत राहिले की मी प्रश्न विचारले आहेत, उत्तरे दिलेली नाहीत. या कादंबरीतील नीतिविचार कॅथलिक वाचकाला मान्य होण्यासारखा नाही हे खरे. तो येथे विषय नव्हे.

नको असलेले मसीहापण खरोखरच झुगारून देणारा मनुष्य पाहावयाचा असेल तर कादंबरी मिटून आपल्याच देशाकडे यावे लागते. १९०९ मध्ये मद्रासजवळील अड्यार येथे थिऑसॉफिकल सोसायटीच्या एका नेत्याला एक किशोरवयीन मुलगा दिसला आणि येणारा जगद्गुरू तो हाच, असे ठरवले गेले. ॲनी बेझंट यांनी त्याला वाढवले. १९११ मध्ये त्याच्यासाठी ‘ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट’ हा संघ स्थापन झाला आणि जगभरात हजारो सभासद झाले. ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधील ओमेन येथील मेळाव्यात जे. कृष्णमूर्ती यांनी आपल्याच सभासदांसमोर तो संघ विसर्जित केला. मला अनुयायी नकोत, असे त्यांनी सांगितले, आणि संघाला मिळालेल्या मालमत्ता परत केल्या. पॉलला जे साधले नाही ते त्यांना साधले. त्यांचे विचार आपल्या श्रद्धेशी जुळणारे नाहीत, परंतु या एका कृतीचे मोल मान्य केलेच पाहिजे. तरीही त्यांच्या व्याख्यानांना आयुष्यभर गर्दी होतच राहिली. १९८६ च्या फेब्रुवारी महिन्यात सहा दिवसांच्या अंतराने फ्रँक हर्बर्ट आणि कृष्णमूर्ती हे दोघेही निवर्तले.

पवित्र शास्त्रातही मागे सरणाऱ्या माणसांची उणीव नाही. मोशे जळत्या झुडपापुढे सबबीमागून सबब सांगतो. यिर्मया म्हणतो की मी अजून लहान आहे. योना तर सरळ उलट दिशेचे गलबत पकडतो. पण हे सारे देवाच्या पाचारणापुढे कचरलेले आहेत. लोकांच्या आग्रहापुढे नकार देणारे वेगळे. शास्ते या पुस्तकातील गिदोन त्यांपैकी. विजयानंतर लोक त्याला राज्य देऊ करतात आणि तो ठाम नकार देतो: तुमच्यावर राज्य परमेश्वराचे. येथे गोष्ट संपली असती तर किती बरे झाले असते! पण पुढच्याच वचनांत तो लुटीतील सोन्याची कर्णभूषणे मागून घेतो, त्यांचे एफोद करून आपल्या गावी ठेवतो आणि सारा इस्राएल त्याच्या भजनी लागतो. पॉलच्या मनातला नकार आणि हातातला स्वीकार येथेही आहेच. याउलट प्रेषित पौल (कादंबरीतील नायकाचे नावही तेच) आणि बर्णबा यांचा लुस्त्र येथील प्रसंग पाहावा. एक जन्मतः पांगळा चालू लागताच लोक बर्णबाला झ्यूस आणि पौलाला हर्मीस ठरवतात, पुजारी बैल आणि हार घेऊन येतो. प्रेषित अंगावरची वस्त्रे फाडून गर्दीत घुसतात व आम्ही तुमच्यासारखीच माणसे आहोत म्हणून ओरडतात. बलिदान कसेबसे टळते. त्यानंतर बाहेरगावाहून विरोधक येतात, आणि त्याच गावात पौलावर दगडांचा वर्षाव होऊन, तो मेला असे समजून त्याला वेशीबाहेर ओढून टाकले जाते.

प्रभू येशूविषयी मार्कच्या शुभवर्तमानात एक विलक्षण गोष्ट वारंवार येते. तो आजाऱ्यांना बरे करतो आणि कोणाला सांगू नका असे बजावतो. पेत्राने ‘तू ख्रिस्त आहेस’ असे कबूल केल्यावरही तो शिष्यांना गप्प राहावयास सांगतो. जर्मन अभ्यासक विल्यम व्रेडे यांनी १९०१ मध्ये याला ‘मसीहाचे गुपित’ असे नाव दिले आणि तेव्हापासून त्यावर विद्वानांचा वाद चालू आहे. त्या वादात खोल न शिरताही एवढे दिसते, की मसीहा म्हटल्यावर त्या काळच्या बहुतेक कानांना रोमन सत्ता उलथून टाकणारा राजा ऐकू येत होता. पेत्रालाही. म्हणून तर येशूने लगेच दुःख सोसण्याची व मरणाची गोष्ट काढली, पेत्राने त्याला विरोध केला, आणि त्याला ‘सैताना’ असे कठोर संबोधन ऐकावे लागले.

येशू अनिच्छुक मसीहा होता काय? होता आणि नव्हताही. पित्याच्या इच्छेला त्याचा होकार होता, गेथशेमनी बागेत रक्ताचा घाम गाळूनही होता. लोकांनी पुढे केलेल्या मुकुटाला मात्र नकार होता. पॉलच्या कथेत पिता नाही; तेथे तेलाची कुपी गर्दीच्या हातात आहे आणि गर्दीमागे तिला पढवणारे आहेत. त्यामुळे पॉलने होकार दिला काय किंवा नकार दिला काय, ऐकणारे कान तेच. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातील परिच्छेद ६७५ व ६७६ येथे आठवतात. ज्यात मनुष्य देवाच्या जागी स्वतःचेच गौरव करतो असे खोटे मसीहापण ही सर्वांत मोठी धार्मिक फसवणूक होय, आणि जी आशा इतिहासाच्या पलीकडेच पूर्ण होणार ती इतिहासातच पूर्ण करून दाखवण्याचा दावा जेव्हा जेव्हा केला जातो, तेव्हा तेव्हा ही फसवणूक आकार घेऊ लागते, असा त्यांचा आशय आहे.

या संदर्भात नजीकच्या भविष्यावरची आणखी एक कथा नोंदवतो, कारण तिचे नाव शुभवर्तमानातून आले आहे. ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’, म्हणजे पेरणाऱ्याचा दाखला, ही कादंबरी १९९३ ची. तिचा आरंभ जुलै २०२४ मध्ये होतो, हे वर्ष आता मागे पडले आहे. कॅलिफोर्नियातील एका बॅप्टिस्ट पाळकाची पंधरा वर्षांची मुलगी कोसळत्या समाजातून वाट काढत एक नवा धर्म घडवते. तिला मसीहापण नको नाही, हवेच आहे. १९९८ च्या दुसऱ्या भागात वस्त्रांवर पांढरे क्रूस लावलेली माणसे तिच्या वस्तीवर चालून येतात, लोकांना गुलाम करतात आणि तिची तान्ही मुलगी हिरावून नेतात. ख्रिस्ती वाचकाने ही पाने न चुकवता वाचावीत. पुढे मोठी झालेली ती मुलगी आईविषयी जे सांगते, तेही तितकेच जड आहे: आईला लेकीपेक्षा आपले ध्येय अधिक प्रिय होते.

चित्रपट पाहून आलेल्या युवकगटांनी चर्चेला बसावे, अशी सूचना काही धर्मग्रामांतून आली आहे. ती चांगली आहे. सोबत योहानाचा सहावा अध्याय अथपासून इतिपर्यंत वाचावा. पाच भाकरी आणि दोन मासे यांचा चमत्कार आपण सर्वांनी ऐकला आहे. पण त्याच्या लगेच पुढचे पंधरावे वचन प्रवचनांतून क्वचितच येते. भरल्या पोटाचा तो जमाव येशूला बळजबरीने राजा करू पाहतो आणि तो एकटाच डोंगरावर निघून जातो. दुसऱ्या दिवशी ते त्याला शोधून काढतात, तेव्हा तो तोंडावर सांगतो की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून माझा शोध करीत आहात. मग तो स्वतःच्या देहाविषयी व रक्ताविषयी बोलू लागतो, ऐकणाऱ्यांना ते कठीण वाटते, आणि पुष्कळ शिष्य त्याला सोडून जातात. तो त्यांच्यामागे धावत नाही, बोललेले मवाळही करीत नाही. उलट बारा जणांकडे वळून विचारतो की तुम्हालाही जावयाचे आहे काय. अराकिसवर कोणी असा प्रश्न विचारत नाही. तेथे चित्रपटाच्या अखेरीस सारे गुडघे टेकतात. एकटी चानी, जिने पॉलवर माणूस म्हणून प्रेम केले, ती तेवढी उभी राहते आणि निघून जाते.

पाच हजारांच्या त्या जमावातून अध्यायाच्या शेवटी बारा जण समोर उभे दिसतात. पेत्र त्यांच्या वतीने उत्तर देतो, आणि त्याच्या उत्तरानंतर योहान शेवटच्या वचनात लिहून ठेवतो की त्या बारांपैकी एक यहूदा होता.